नऊ नंबरवरचा रुमाल

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची विद्या ज्या लोकांनी शोधून काढली, त्यांना संगणकघराचा नियम शिकवायला निघालेला माणूस मंत्रालयातलाच असणार. नियम साधा होता. दारातल्या काचेवर अंगठा ठेवायचा, काच एक नंबर देईल, त्या नंबरच्या यंत्रावर जाऊन बसायचं. आज चार, उद्या अकरा, परवा सात, सोडत निघावी तसं. पण हे असं का, ते परिपत्रकात कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि कारण न सांगितलेला नियम सावरवेढ्यात फार दिवस टिकत नाही. निवृत्त गुरुजींना पंख्याखालचं यंत्र हवं होतं. डाळिंबवाल्या तात्यांना दाराजवळचं, कारण बाहेर त्यांचा टेम्पो उभा असायचा. लोक सकाळी येऊन आपापल्या खुर्चीवर रुमाल टाकून जायचे आणि सवडीनं परत यायचे. रुमाल टाकलेल्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नसे.

संगणकघर सांभाळणारी स्वप्नाली कुंभार हिनं पहिले काही दिवस भांडून पाहिलं. मग एका सकाळी तिनं काचेतली सोडत बंद केली आणि ज्याला जिथं बसायचं तिथं बसू दिलं. माणसं खूश झाली. तिलाही वाटलं, सरकारी जागेत थोडा घरचा वारा आला तर बिघडलं कुठं?

ही यंत्रं घरोघरी का नव्हती, असं कुणी विचारील. तर फोनवरचा भरवसाच उडाला होता. आवाज हुबेहूब बापाचा, चेहरा बँकेच्या साहेबाचा आणि दोन्ही खोटे, असं घरटी एकदा होऊन गेलं. तेव्हा जमिनीचं, पेन्शनचं, कोर्टाचं, दवाखान्याचं जे काही खरं काम असेल ते सार्वजनिक यंत्रावर बसूनच करायचं, असं ठरलं. त्यामुळे नगराध्यक्ष ज्या खुर्चीवरून उठायचे तिच्यावर पाच मिनिटांनी भाजीवाली बसायची. मधल्या त्या पाच मिनिटांवर सगळ्या गावाची अब्रू टांगलेली होती.

ती पाच मिनिटं स्वप्नालीची. माणूस उठला की ती खुर्ची, कळा, काच पुसून घ्यायची, आणि मग यंत्राच्या पाठीमागचं लाल बटण दाबून धरायची. यंत्र आतून धुतलं जायचं. आधीच्या माणसानं काय लिहिलं, काय शोधलं, ते सगळं जायचं. लोक त्याला धुणंच म्हणत. धुणं झालं की यंत्र नीट चालतंय का ते बघायला तिला एक ओळ लिहावी लागे. ती ओळ कुठली असावी हे कंपनीनं सांगितलं नव्हतं, म्हणून स्वप्नाली लिहायची, ‘सावरवेढेकरांना नमस्कार.’ दिवसभर, प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक धुण्यानंतर. तिचा नवरा अभिजित म्हणायचा, बायको यंत्रांना जेवढा नमस्कार करते त्याच्या शंभराव्या हिश्शाचा माझ्या आईला करत नाही. अभिजितचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं, स्वभाव गमत्या होता, आणि त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे.

त्याची धाकटी बहीण प्राजक्ता गावातच दिली होती. तिचा नवरा संग्राम शेवाळे बियाण्यांचा दुकानदार. गोड माणूस. रस्त्यात भेटला तर आधी तुमची तब्येत विचारणार, मग तुमच्या म्हशीची. प्राजक्ताचा फोन मात्र त्याच्या खिशात असायचा. तिनं लग्नाआधी रक्त तपासायचा कोर्स केला होता, ती नोकरी त्यानं पहिल्याच महिन्यात सोडायला लावली होती. दोन वर्षांपूर्वी ती हाताला प्लास्टर घालून माहेरी आली. मोरीत पाय घसरला, असं म्हणाली, आणि रात्री आईजवळ खरं बोलली. अभिजितनं बैठक बसवली. संग्रामनं सगळ्यांदेखत हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं, वर शिरा खाल्ला. भांड्याला भांडं लागतंच, असं चार शहाणी माणसं म्हणाली आणि प्राजक्ताची पाठवणी झाली. आपण फार चांगलं काम केलं असं अभिजितला तेव्हापासून वाटत होतं. त्याच्या त्या समाधानाचा स्वप्नालीला मनापासून राग यायचा.

संग्राम रोज दुपारी नऊ नंबरवर बसायचा. नऊ नंबर खांबाआड, खिडकीशी. जागा धरायला सकाळी तो बायकोला पाठवायचा. जा, रुमाल टाकून ये, आणि येताना भाजी आण. दिवसभरात प्राजक्ताला एकटीनं घराबाहेर पडायला मिळायचं ते एवढंच. एका सकाळी रुमाल टाकून ती गेलीच नाही. तिनं अंगठा लावला आणि खुर्चीत बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. तिसऱ्या दिवशी ती नळापाशी स्वप्नालीला गाठून म्हणाली, की मला जायचंय वहिनी, लांब, जिथं माझी मी राहीन. दादाला सांगू नका, तो परत बैठक बसवेल. मग तिनं विचारलं, यंत्रावर मागं काही उरतं का.

“काही उरत नाही,” स्वप्नालीनं सांगितलं. “मी स्वतःच्या हातानं धुते.”

तिनं शब्द दिला, आणि तो खोटा आहे हे तिला माहीत नव्हतं.

प्राजक्ता रोज सकाळी भाजीच्या वेळातले थोडे क्षण चोरून नऊ नंबरवर बसू लागली. रोज तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागे, कारण यंत्र रोज कोरं. रोज ती तीच ओळ लिहायची, ‘एकट्या बाईला भाड्याने खोली’, आणि मग पुढची गावं, प्रयोगशाळा, नोकऱ्या बघत जायची. हळूहळू एक नोकरी नक्की होत आली. नवऱ्यापासून संरक्षण मागणारा कोर्टातला अर्जही तिनं तिथूनच केला.

एका दुपारी संग्रामनं नऊ नंबरवरून हाक मारली. आवाजात हसू होतं.

“वहिनी, इकडं या की जरा. ह्याला काय झालंय बघा.”

त्याला सोयाबीनचं एकरी बियाणं बघायचं होतं. त्यानं नुसता ‘ए’ लिहिला होता आणि यंत्रानं पुढचं आपणहून सुचवलं होतं. एकट्या बाईला भाड्याने खोली.

ओळ वाचताच ती कुणाची हे स्वप्नालीला कळलं. ती म्हणाली, यंत्रच ते, कधीकधी काहीही बरळतं. तिनं त्याला उठवून यंत्र त्याच्यासमोर धुतलं. संग्राम परत बसला, परत ‘ए’ लिहिला. परत तेच आलं. आता तो हसला नाही. शेजारच्या दहा नंबरवर गेला, ‘ए’ लिहिला. तिथं एकादशी, एकर, एरंडेल असलं काहीबाही आलं. तो नऊ नंबरकडे आला आणि खुर्चीच्या पाठीवरचा स्वतःचा रुमाल उचलून त्याची नीट चौकोनी घडी घालू लागला. रुमाल तिथं कोण टाकून जातं हे त्याच्या ध्यानात यायला जेवढा वेळ लागावा तेवढाच त्या घडीला लागला.

“उद्यापासून रुमाल मीच आणत जाईन,” तो म्हणाला. “तिला उगं हेलपाटा.” आणि मग अगदी गोडीत त्यानं सांगितलं, की बाकीच्या यंत्रांवर पण बसून बघतो एकेक दिवस. सगळीच बरळत असली तर कंपनीला कळवू. एकटं हेच बरळत असलं तर मग बघू.

स्वप्नालीनं कळवल्यावर कंपनीचा इंजिनिअर चिन्मय फणसळकर दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला. नऊ नंबर उघडून त्यानं आपली उपकरणं जोडली, बराच वेळ आकडे पाहिले आणि मग पहिला प्रश्न विचारला, की सोडत बंद कुणी केली.

स्वप्नालीनं सांगितलं, मी. तो रागावला नाही. दमल्यासारखा खुर्चीत बसला आणि त्यानं तिला जे कधीच कुणी समजावलं नव्हतं ते समजावलं.

जुन्या संगणकात विचार करायची जागा वेगळी आणि लक्षात ठेवायची जागा वेगळी. आठवण फडताळात आणि काम टेबलावर, अशी व्यवस्था. पुसायचं तर फडताळ रिकामं केलं की झालं. या नव्या चिपांमध्ये तसं नाही. यात धातूच्या गंजासारख्या पदार्थाचे बारीक कण असतात, आणि तेच कण विचारही करतात आणि लक्षातही ठेवतात. वीज कणातून गेली की आतले काही अणू जरासे सरकतात आणि पुढच्या वेळी त्याच बाजूनं वीज जायला सोपं जातं. म्हणून ही यंत्रं माणसाला दोन मिनिटांत ओळखतात, आणि वीजही दिव्याएवढीच खातात. धुताना आपण उलटी वीज सोडतो. अणू परत जागेवर येतात. पण सगळे नाहीत. एखादा राहतोच.

“रोज वेगळा माणूस बसला तर राहिलेले अणू कुणी इकडं, कुणी तिकडं. हिशेबात काहीच येत नाहीत,” चिन्मय म्हणाला. “पण एकच माणूस एकाच यंत्रावर रोज तेच लिहायला लागला, की ते एकाच बाजूला साठतात. माळावरच्या पायवाटेसारखं आहे. एकदा चाललात तर गवत उभं राहतं, रोज चाललात तर नाही राहत.”

नाव उरत नाही, पत्ता उरत नाही, असं त्यानं धीर द्यायला सांगितलं. लिहिलेला शब्दही खरं तर उरत नाही. उरतो तो फक्त कल. म्हणूनच सोडतीचा नियम होता. मग कारण का लिहिलं नाही परिपत्रकात, असं तिनं चिडून विचारलं. लोक घाबरतील म्हणून, असं तो खाली बघत म्हणाला.

उपाय एकच होता. चिप कंपनीच्या भट्टीत तापवून आणायची. पण मग दारावर सूचना लावावी लागणार, अमुक नंबरच्या यंत्रात आधीच्या माणसांचा अंश सापडल्यामुळे ते काढून नेलं आहे. स्वप्नालीच्या डोळ्यांपुढे ती सूचना आणि ती वाचणारा संग्राम उभा राहिला. त्याला पुरावा हवा होता, तो सरकारी शिक्क्यानिशी दारावर लागला असता. तिनं चिन्मयला कारण न सांगता पंधरवड्याची मुदत मागितली. नियमानं त्यानं नाही म्हणायला हवं होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून तो बरं म्हणाला.

संध्याकाळी ती काहीतरी निमित्त काढून शेवाळ्यांच्या घरी गेली. संग्रामनं पुढं होऊन स्वागत केलं, वहिनींना चहा टाक म्हणून आत हाक दिली, आणि बाहेरच्या खोलीत अशा जागी बसला की स्वयंपाकघराचं दार दिसावं. प्राजक्ता पाठमोरी उभी होती. स्वप्नाली साखरेचा डबा द्यायच्या निमित्तानं तिच्याजवळ गेली. एका बाजूचा कान आणि गाल प्राजक्तानं पदरानं झाकून घेतला होता. अजून दहाबारा दिवस काढायचे आहेत, असं ती पुटपुटली. पुढचा मंगळवार सोडून त्याच्या पुढच्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी निघायचं. तोवर त्याला नक्की कळता कामा नये.

मग चहा गाळता गाळता, मान वर न करता ती म्हणाली, “वहिनी, तुम्ही म्हणाला होता काही उरत नाही.”

स्वप्नालीला लाज वाटली. एवढी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती. कुणी तिला चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं. आयुष्यभर दुसऱ्याचं उष्टंखरकटं पुसून लख्ख करणारी ती, आणि तिच्याच धुण्यानं ही पोरगी उघडी पाडली होती. घरी परतताना तिच्या डोक्यात पायवाट घोळत होती. पायवाट मोडता येत नाही. पण सगळा माळच तुडवला तर पायवाट कुठली ते कुणाला सांगता येईल?

दुसऱ्या दिवशी पहिलं यंत्र धुतल्यावर चाचणीची ओळ लिहायला तिनं बोटं कळांवर ठेवली. सावरवेढेकरांना नमस्कार तिनं लिहिला नाही. तिनं लिहिलं, ‘एकट्या बाईला भाड्याने खोली.’ मग दुसऱ्या यंत्रावर. मग तिसऱ्या. फक्त नऊ नंबर तिनं सोडला. माणूस उठला की धुणं, धुणं झालं की ती ओळ, आणि एकदा लिहून भागणार नाही म्हणून चारदा, पाचदा. जिनं यंत्रं स्वच्छ ठेवायची ती दिवसभर हसतमुखानं ती मळवत होती. एक गोष्ट तिच्या लक्षात आली आणि ती तिनं मनातही फार वेळ ठेवली नाही. ती ओळ लिहिताना बोटं कुठं अडखळत नव्हती.

संग्राम रोज एका यंत्रावर बसायचा. पहिल्या दिवशी चार नंबर, काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच, काही नाही.  मग एका दुपारी तो सहा नंबरवर बसला, ‘ए’ लिहिला आणि तसाच थांबला. उठून सातवर गेला. मग परत चारवर. मग पंख्याखालच्या यंत्रावर, गुरुजी उठायची वाटसुद्धा नीट न बघता. सगळीकडे तेच. तो स्वप्नालीच्या टेबलाशी आला आणि बऱ्याच दिवसांनी मोकळं हसला.

“सगळ्याच यंत्रांचं डोकं फिरलंय ओ,” तो म्हणाला. “मी उगंच मनाला लावून घेतलं.”

त्याच्या दुसऱ्या सकाळपासून रुमाल घेऊन परत प्राजक्ता येऊ लागली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण यंत्रांवर गावातला एकटा संग्राम बसत नव्हता. एकरकमी परतफेड बघायला बसलेल्या सोसायटीच्या चेअरमनना तेच सुचवलं गेलं. एकादशीची तारीख बघणाऱ्या पुजाऱ्यांना तेच. चहाच्या टपरीवर दोन दिवस हसूनहसून मुरकुंडी वळली, अमक्याची बायको चालली, तमक्याची चालली. मग हसणं कमी झालं. यंत्र उगीच कशाला बोलेल, असं कुणीतरी म्हणालं आणि ते म्हणणं गावभर झालं. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, हे वाक्य तर तयारच होतं. संगणकघरात बायका यायच्या कमी झाल्या. आल्या तर नवऱ्यासोबत, आणि नवरा खुर्चीमागं उभा. गुरवांची वर्षा दर आठवड्याला मुलाच्या औषधांचं बघायला यायची, तिला सासऱ्यानं बंद केलं. ती वाटेत भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, की कुणाचं काय असंल ते असो, आमच्यावर का, ताई.  स्वप्नालीनं तरी ओळ थांबवली नाही.

ठरलेल्या मंगळवारी प्राजक्ता आली. नऊ नंबरच्या खुर्चीवर तिनं रुमाल पसरला, चारी कोपरे हातानं सारखे केले, आणि भाजीची पिशवी घेऊन बाहेर पडली. बसली नाही, मागंही बघितलं नाही. बाजाराच्या गर्दीतून ती स्टँडवर गेली असणार. दुपारी संग्राम आला तेव्हा जागा धरलेली होती. तो रुमाल उचलून निवांत खुर्चीत बसला.

रात्री शेवाळ्यांकडचा गलका कुंभारांच्या घरी आला. संग्राम अभिजितच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. अभिजित विरघळला. मी आणतो तिला शोधून, बसून बोलू, काय असेल ते मिटवू, असं त्यानं वचन दिलं. तो चार दिवस नातेवाइकांकडे हिंडला आणि पाचव्या दिवशी काही सापडतंय का बघायला संगणकघरात येऊन बसला. स्वप्नाली त्या वेळी धुणं मदतनीस पोरीवर सोपवून जेवायला घरी गेली होती.

संध्याकाळी ताटावर बसल्यावर त्यानं भाकरी मोडली आणि तशीच हातात धरली. मला पण तेच आलं आज, असं तो म्हणाला. तो खूप हळू बोलत होता. गमत्या माणसाचा तसला आवाज ऐकायची तिला सवय नव्हती.

“मी पाणी मागायला मागं वळलो, तर तुझी मदतनीस यंत्र धुऊन चाचणी करत होती. तिला विचारलं, ही कसली ओळ. म्हणाली, ताईंनी बदललीय, पंधरा दिवस होऊन गेले.” त्यानं तिच्याकडे बघितलं. “तू नमस्कार लिहायचीस. ही ओळ कुणासाठी लिहितेस?”

उत्तरं दोनच होती. प्राजूसाठी, असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, ती कुठं आहे. आणि अभिजितला ते कळलं असतं, की उद्या सकाळी संग्रामला गाडीत शेजारी घेऊन तो निघाला असता, अगदी चांगल्या मनानं. संरक्षणाचा हुकूम हातात पडायला अजून तीन आठवडे होते. प्राजक्ताचा पदराखालचा गाल स्वप्नालीला दिसला. एकदा शब्द देऊन तिनं तिला फसवलं होतं. दुसऱ्यांदा नाही.

“माझ्यासाठी,” ती म्हणाली.

अभिजितनं भाकरी ताटात ठेवली.  तो उठला, हात धुतला आणि तिचं ताट झाकून ठेवलं, कारण तीही जेवली नव्हती.

तीन आठवड्यांनी हुकूम झाला. प्राजक्तानं स्वतः भावाला फोन केला, सरकारी यंत्रावरून, चेहरा दाखवून. मग स्वप्नालीनं सगळं सांगितलं, पहिल्या रुमालापासून.  मध्येच अभिजितला रडू फुटलं, बहिणीच्या हातावरचं प्लास्टर आठवून. बैठक बसवली ती माझी चूक, असं त्यानं कबूल केलं. तिच्यावर विश्वास आहे, असं म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. तिला मुदत वाढवून देत आलेल्या चिन्मय फणसळकरनं आता सगळीच्या सगळी यंत्रं भट्टीला पाठवली. सूचनेत कुठल्याही एका नंबरचं नाव आलं नाही. नवी यंत्रं आली, सोडत सुरू झाली, रुमाल टाकायला बंदी झाली. स्वप्नालीला वरून लेखी समज मिळाली, ती तिनं मुकाट्यानं घेतली. वर्षा गुरव काही परत आली नाही.

आता धुणं झाल्यावर ती पुन्हा सावरवेढेकरांना नमस्कार लिहिते. यंत्रं ‘ए’ला एकादशी सुचवतात.

लग्नाला वीस वर्षं झाली, अभिजित तिला न्यायला कधी आला नव्हता. तिचं ती यायची, वाटेत मैत्रिणीकडे थांबायची, कधी उशीर व्हायचा आणि त्याला पत्ताही नसायचा. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तो संगणकघरात आला. काम काही नव्हतं. इकडून चाललो होतो, म्हटलं सोबत जाऊ, असं म्हणाला. दाराजवळच्या बाकावर बसला, जिथून तिचं टेबल दिसतं. मध्ये चहा प्यायला उठला तेव्हा त्यानं खिशातून रुमाल काढून बाकावर टाकला.

दुसऱ्या दिवशीही तो आला.